दुसरा ब्रेक

ट्रक दिसताच दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नेहमीप्रमाणे डोळे मिटून घेतले आणि मास्तरांनी आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मागच्या सीटवर बसलेल्या पिपाणीचा लॅपटॉप मांडीवरून घसरला, तो तिने सवयीने गुडघ्यांत अडकवला. ट्रक रस्त्याच्या पलीकडच्या कडेने शांतपणे निघून गेला. तो त्यांच्या वाटेतही नव्हता.

"गेला का?" डॉक्टरीणबाईंनी डोळे न उघडताच विचारलं.

"गेला. आता डोळे उघडा आणि दिसेल ते बोला," मास्तर म्हणाले.

शिकवण्याच्या त्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक होता, आणि मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलचा सगळा कारभार त्या ब्रेकवर आणि एका नियमावर चालत असे. नियम असा की शिकणाऱ्याने दिसेल ते मोठ्याने बोलायचं. सायकल दिसली की सायकल म्हणायचं, फाटक उघडं दिसलं की फाटक. तो बोलला म्हणजे त्याला दिसलं, आणि मास्तरांचा पाय ब्रेकवर नुसता टेकलेला राही. तो गप्प बसला की पाय खाली जाई. तुमचे डोळे कुठे आहेत ते मला कळत नाही, तोंड मात्र ऐकू येतं, असं ते प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगत.

हा नियम घरातही शिरला होता. आई स्वयंपाकघरात एकटी असली तरी "दूध वर येतंय, झाकण गरम आहे" असं स्वतःला बजावत असे. पिपाणीने एकदा परीक्षेत प्रश्नपत्रिका मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि पर्यवेक्षकांनी तिला उचलून कोपऱ्यातल्या बाकावर नेऊन बसवलं. पिपाणी हे अर्थातच तिचं शाळेतलं नाव नव्हतं. तान्ही असताना ती गाडीत रडायला लागली की मागच्यांना वाटे कोणीतरी रस्ता मागतंय, आणि ते बाजूला होत. तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

"सायकल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुसरी सायकल. बाई. बाईच्या हातात पिशवी."

"पिशवी नाही बोललात तरी चालेल."

काचेवर बसवलेला छोटा कॅमेराही तेच बघत होता आणि पिपाणीच्या लॅपटॉपवर चौकटी उमटत होत्या. सायकलीभोवती चौकट आणि वर 'सायकल' हा शब्द, बाईभोवती चौकट आणि 'माणूस'. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाचा तिचा हा प्रकल्प होता. मधूनच काचेत मास्तरांच्या टकलाचं प्रतिबिंब पडे आणि प्रोग्रॅम त्यावर इमानदारीत 'चेंडू' लिहून टाकी. तेवढं सोडलं तर तो बरा शिकत होता. कॅमेरा बसवायला काचेजवळची पट्टी मास्तरांनी स्वतः कानशीने घासून दिली होती, आणि गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ते अभिमानाने सांगत की हा आमच्या पिपाणीचा कॅमेरा, पुढेमागे आपल्या स्कूलसाठी काहीतरी भारी करणार आहे ती.

डॉक्टरीणबाईंनाही त्यांनी आज ते सांगितलं. सरळ रिकामा रस्ता लागल्यामुळे बाईंना बोलायला हुरूप आला होता.

"ते सगळं ठीक आहे, मास्तर, पण मी वाचलं की आता आपोआप चालणाऱ्या गाड्या येतायत. मग आमची शिकायची कटकटच गेली."

पिपाणीने मान खाली घालून लॅपटॉपचा आवाज उगाच कमी केला. आवाज मुळात बंदच होता.

"येऊ देत की," मास्तर हसून म्हणाले. "त्या गाडीलाही कोणीतरी दटावायला हवंच. दटावल्याशिवाय कोण शिकलंय?"

डॉक्टरीणबाईही हसल्या. पुढच्या वळणावर एक कुत्रा रस्त्यात आला. "कुत्रा," त्या वेळेवर, स्पष्ट म्हणाल्या, आणि तरीही मास्तरांनी ब्रेक दाबला. बोललेल्या गोष्टीवर ते कधी ब्रेक दाबत नसत. डॉक्टरीणबाईंना वाटलं आपलंच काही चुकलं, म्हणून त्यांनी माफी मागितली. पिपाणी मात्र बराच वेळ बाबांच्या मानेकडे बघत राहिली.

तिचं सगळं लहानपण या मागच्या सीटवर गेलं होतं. शाळा सुटली की मास्तर तिला गाडीत घेत आणि उरलेले विद्यार्थी संपेपर्यंत ती मागे बसून गृहपाठ करी. गावातल्या यच्चयावत माणसांना तिने घामाघूम होताना पाहिलं होतं. बँकेचा मॅनेजर क्लचला घाबरायचा, हे तिला तो मॅनेजर आहे हे कळण्याच्या आधीच ठाऊक होतं. पुढे शाळेत कॉम्प्युटर आले आणि तिने पहिला प्रोग्रॅम लिहिला, तो एका ठिपक्याला घरापासून दुकानापर्यंत नेण्याचा. ठिपका निघाला आणि सरळ भिंतीतून आरपार गेला. वर्गातली मुलं हसली. पिपाणी मात्र खुर्चीवरून उठेना. भिंत आहे हे तिने त्याला सांगितलंच नव्हतं, म्हणून त्याच्यासाठी भिंत नव्हतीच. त्या दिवशी ती घरी आली ती या यंत्राच्या प्रेमात पडूनच.

आता वर्गातले बहुतेक जण बँकांची आणि दुकानांची सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्यांत चिकटले होते. तिलाही एक-दोन ठिकाणी विचारणा झाली होती. तिला जायचं होतं ते एकाच ठिकाणी, शहराबाहेरच्या त्या कंपनीत, जिथे गाड्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायला शिकवत होते. पहिली फेरी तिने पार पाडली होती. दुसरी गुरुवारी होती. आणि मास्तरांना तिने एवढंच सांगितलं होतं की कॅमेऱ्यांचं काहीतरी काम करणारी कंपनी आहे.

"काहीतरी काम," आई म्हणाली. मास्तर गाडी धुवायला बाहेर गेले होते आणि आई पुढच्या खोलीत, म्हणजे स्कूलच्या ऑफिसात, नव्या विद्यार्थ्यांसाठी टेबलावर खेळण्यातल्या गाड्या मांडत होती. चौकात आधी कोणी जायचं हे ती त्या गाड्यांवर शिकवे. ती स्वतः मास्तरांची पहिली विद्यार्थिनी. गाडी भिंतीला लावून ती नापास झाली, आणि तेव्हापासून तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. नापास झाले म्हणून लग्न करून टाकलं, असं ती सांगे.

"सांग त्यांना."

"नोकरी लागली तर सांगते. नाही लागली तर कशाला उगाच?"

"आणि लागली तर?"

पिपाणीने टेबलावरची एक गाडी बोटाने पुढे ढकलली. कॅमेऱ्यातली ती चित्रं, तो रस्ता, त्या सायकली, सगळं तिने बाबांच्याच गाडीत बसून गोळा केलं होतं. पट्टी त्यांनी घासून दिली होती. आणि ते सगळं घेऊन ती जाणार होती ती अशा गाड्या बनवायला, ज्यांना शेजारी मास्तर लागतच नाहीत. तिला याची लाज वाटत होती आणि तरीही जायचं होतं, दोन्ही एकदमच.

"ती लाल गाडी आधी जाईल," आई म्हणाली. "तू चुकीची ढकललीस."

गुरुवारी सोडायला येतो म्हणून मास्तर किल्ली घेऊन तयार झाले, तेव्हा आईने त्यांना आठवण करून दिली की डॉक्टरीणबाई त्याच वेळेला येणार आहेत आणि त्यांना एकटीला सोडणं धोक्याचं आहे. पिपाणी बसने गेली.

कंपनी म्हणजे एक लांबलचक शेड होती आणि तिच्या मागे खोटं गाव होतं. खरे रस्ते, खरे सिग्नल, पण घरांना फक्त पुढची भिंत. मुलाखत घ्यायला दोघं होती. प्रमुख बाईंचे केस अगदी बारीक कापलेले होते आणि पायात धावायचे बूट होते. दुसरा एक उंच इंजिनिअर, जो खुर्चीत मावत नव्हता. बाईंनी स्वतःबद्दल सांगायला सांगितलं. यासाठी पिपाणीने एक झकास उत्तर पाठ केलं होतं, तंत्रज्ञानाची आवड, नवं शिकण्याची जिद्द वगैरे. ते सगळं ऐन वेळी पळून गेलं.

"मी गाडीच्या मागच्या सीटवर वाढले," ती म्हणाली, आणि मग थांबता येईना म्हणून पुढचंही सांगितलं. ठिपका, भिंत, चेंडू झालेलं टक्कल. टकलाला इंजिनिअर मनापासून हसला, आणि त्याचेही केस पातळ होत चालले होते.

फळ्यावरचं गणित तिला सोपं गेलं. काही रस्ते बंद असताना सर्वांत जवळची वाट शोधायची होती. लिहिता लिहिता ती बोलत राहिली, इथे वळले, इथे रस्ता बंद, हे मी आधी धरलंच नव्हतं, म्हणजे वरची ओळ चुकली, पुसते. काही विचारायचं असलं की बाई तोंड उघडत आणि तेवढ्यात तिने ते सांगितलेलं असे. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आता गाडीत एक चक्कर मारून येऊ या म्हणाल्या.

बाई आणि इंजिनिअर मागे बसले. पिपाणी पुढे, आणि ड्रायव्हरच्या सीटवर कोणी नाही. स्टिअरिंग आपलं आपण फिरलं तेव्हा तिच्या अंगावर आनंदाने काटा आला. गाडी छान चालली होती, बेताने, न धसमुसता. खोट्या गावातल्या पहिल्या वळणावर एक फाटक उघडं होतं. पुढे एका भिंतीआडून सायकलचं चाक बाहेर आलं, चाचणीसाठी रुळावरून ढकललेली, पुतळा बसवलेली सायकल. आणि पिपाणीचा उजवा पाय तिला न विचारता खाली गेला. पायाखाली कोणाची तरी पाण्याची बाटली होती. ती फुटून पाणी चहूकडे उडालं.

गाडी सायकलच्या अलीकडे व्यवस्थित थांबली. ती थांबायला आधीच लागली होती.

"माफ करा," पिपाणी म्हणाली. तिचे कान तापले होते. पायाने सगळ्यावर पाणी फिरवलं होतं, आणि तेही अक्षरशः. "आमच्या घरात सगळ्यांचाच पाय असा जातो. बाबा ड्रायव्हिंग स्कूल चालवतात."

"गाडीवर विश्वास नाही वाटला?" बाईंनी विचारलं.

तिने विचार केला, आणि विचार करतानाही ती बोलतच होती.

"गाडीला दिसलं होतं. ते आता कळलं मला. पण तेव्हा कसं कळणार? ती काही बोललीच नाही. बाबांचा विद्यार्थी 'सायकल' म्हणाला की बाबा ब्रेक दाबत नाहीत. गप्प बसला की दाबतात. शेजारी बसणाऱ्याला एवढंच हवं असतं, चालवणाऱ्याला दिसलंय हे कळायला." ती थोडी थांबली. "मला इथे तेच करायचंय. दिसलं ते सांगणारी गाडी."

मागे इंजिनिअर वाकून बाटलीचं झाकण शोधत होता.

"तुम्ही इथे आलात याबद्दल वडील काय म्हणाले?" बाईंनी विचारलं. सहज विचारलं असावं.

"बाबांना मी सांगितलेलं नाही," पिपाणी म्हणाली, आणि मग परतीच्या बसमध्ये तेच वाक्य स्टॉप येईपर्यंत तिच्या डोक्यात वाजत राहिलं. ज्या घरात दूध उतू जायच्या आधी सांगतात, त्या घरातली ती मुलगी होती.

फोन शनिवारी आला. आईने तो ऑफिसात उभ्या उभ्या ऐकला, पिपाणीच्या चेहऱ्यावरून, कारण आवाज फोनमधून बाहेर येत नव्हता. मग तिने पिपाणीच्या पाठीत एक दणका घातला आणि डोळे पुसले. कधीपासून जायचं ते विचारलं, जेवण कोण करून देणार ते विचारलं, आणि मग खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. बाहेर मास्तर गाडीच्या काचा पुसत होते. कॅमेऱ्याची काच त्यांनी शेवटी, वेगळ्या मऊ फडक्याने पुसली.

"बाबा, एक चक्कर मारू या?" तिने बाहेर जाऊन विचारलं. "मी चालवते."

मास्तर खूश होऊन लगेच शेजारी बसले. लायसन्स तिला केव्हाच मिळालं होतं, तेही पहिल्या फटक्यात, पण ती चालवत असली की मास्तर शेजारीच बसणार आणि पाय दुसऱ्या ब्रेकवर टेकवणार, यात कधी बदल झाला नव्हता.

"सायकल," ती म्हणाली. "आजोबा, फुटपाथवरून उतरतायत. बस, दार उघडं."

"हं," मास्तर म्हणाले. ते मजेत होते.

मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला. तिने तेही सांगितलं आणि गाडी उभी केली. दोन्ही हात तिने स्टिअरिंगवर घट्ट धरले.

"बाबा, मला नोकरी लागली. आपोआप चालणाऱ्या गाड्यांच्या कंपनीत. कॅमेरा त्याच्यासाठीच होता. मी आधी सांगायला हवं होतं."

मास्तर समोर बघत राहिले. मांडीवरचं फडकं त्यांनी एकदा दुमडलं, मग आणखी एकदा, आणि ते आणखी दुमडण्याजोगं राहिलं नाही. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.

"सिग्नल हिरवा झाला," ते म्हणाले.

तिने गाडी पुढे काढली. बाबागाडी ढकलणारी एक बाई गेली, दोन माणसं एक कपाट रस्त्यापलीकडे नेत होती, त्यांच्यासाठी ती थांबली, पण तोंडातून शब्द निघेना. नियमाप्रमाणे मास्तरांनी एव्हाना दोनदा ब्रेक दाबायला हवा होता. त्यांनी दाबला नाही. तेच तिला जास्त जड गेलं.

"शिकवावं लागतं का तिला?" मास्तरांनी शेवटी विचारलं. "त्या गाडीला?"

"लागतं. फार लागतं."

"तू काय शिकवणार?"

"बोलायला. दिसलं ते सांग, म्हणजे शेजारचा घाबरणार नाही."

मास्तरांनी तोंड खिडकीकडे वळवलं. ते हसतायत की काय, ते तिला दिसलं नाही, कारण रस्त्यावरून नजर हलवायची नाही हेही त्यांनीच शिकवलं होतं.

"म्हणजे नियम माझा, आणि नाव कंपनीचं," ते खिडकीला म्हणाले. मग थोड्या वेळाने, "दटावत जा तिला. लाडावून ठेवू नकोस."

"हो."

"गाडी बाजूला घे."

तिने आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, सगळं रीतसर केलं आणि गाडी कडेला लावली. मास्तर उतरले. दार बंद झालं. ते आता चालत घरी जाणार असं तिला वाटलं, आणि त्यांचा गुडघा दुखतो हे आठवून तिचा हात पट्टा सोडायला गेला. तेवढ्यात मागचं दार उघडलं. मास्तर वाकून आत शिरले, तिच्या लहानपणीच्या जागेवर बसले, पाय लांब करता येत नाहीत म्हणून थोडे कुरकुरले आणि पट्टा लावला.

"चल की. किती वेळ उभी राहणार?"

पिपाणीने शेजारी पाहिलं. सीट रिकामी होती. खाली तो दुसरा ब्रेक, मधोमध झिजून गुळगुळीत झालेला, आपला एकटाच वर आलेला होता. तिने गिअर टाकला आणि गाडी रस्त्यावर घेतली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हसूही येत होतं, आणि समोर तर नीट बघायचं होतं.

पुढच्या गल्लीच्या तोंडाशी भिंतीआडून एक चाक डोकावलं. त्याच क्षणी तिच्या सीटच्या पाठीला, कमरेच्या जरा खाली, मागून एका बुटाचा दाब बसला.

"सायकल," ती म्हणाली.

दाब सैल झाला.